पाटावरची सुपारी

औषधाच्या दुकानात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन कुणी येत नाही. आमच्या आक्का आल्या. मिरजेतल्या दवाखान्यांच्या गर्दीतलं ते दुकान, सकाळची वेळ, काउंटरवर चिठ्ठ्या पुढं करणारी माणसं, आणि त्यांच्यातून वाट काढत माझ्या सासूबाई पदर सावरत पुढं आल्या. मी एका आजोबांना कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते समजावत होते. आक्कांनी करंडा काचेवर ठेवला आणि माझ्याकडं सरकवला.

"तुझ्या हातानं लावून घे," त्या म्हणाल्या. मामंजी गेल्यापासून त्या कुणाला कुंकू लावत नसत. "वास्तुशांत हाय, वैजू. गुरुवारी. तू आन् शलाका दोघी या. तुला धैर्यशीलसंगं पूजेला बसायचंय."

माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली. चार वर्षं या घरानं माझं नाव काढलं नव्हतं. शलाका तापानं फणफणली तेव्हा मी आक्कांना फोन केला होता, तो त्यांनी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला होता. तो आवाज मला ओळखू येत नाही असं त्यांना वाटलं असावं.

"माझ्या जागी सुपारी मांडा की, आक्का," मी म्हटलं.

"जित्ती बायकू असताना सुपारी मांडायची?" आक्का कळवळून म्हणाल्या. "आगं, ह्यांनी जुन्या घराची शांत घाईत उरकली, आन् वरीस न्हाई फिरलं तवर गेले. मला आता काय उणं ठिवायचं न्हाई. तुमचं कोर्टाचं काय आसंल ते असू दे. देवाला काय कळतंय त्यातलं?"

बाहेर रस्त्यापलीकडं गाडी उभी होती. काचा वर होत्या, पण स्टिअरिंगवर ताल धरणारी धैर्यशीलची बोटं मी ओळखली. स्वतः उतरून येण्याची टाप नव्हती, म्हणून आईला पुढं घातलं होतं.

सुपारीचं मी उगाच बोलले नव्हते. चार वर्षांपूर्वी तासगावच्या जुन्या घराच्या पायरीवर माझे कपडे फेकताना धैर्यशीलनं ते सांगितलं होतं. माझ्या वडिलांचा मिरजेत दोन गुंठ्यांचा प्लॉट होता. तो विकून पैसे आण, मला बेदाण्याच्या व्यापारात घालायचेत, असा त्याचा धोशा होता. मी नाही म्हटलं, मग मार खाल्ला, आणि तरी नाहीच म्हटलं. तेव्हा गल्ली बघत असताना तो म्हणाला होता, "तुझ्यावाचून काय अडतंय? पूजेला बसायचं झालं तर पाटावर तुझ्या जागी सुपारी ठेवीन. ती निदान तोंड चालवत नाही." शलाका तेव्हा पाच वर्षांची होती, माझा पदर धरून उभी होती. गंमत म्हणजे ज्या प्लॉटपायी मी घराबाहेर पडले तो वडील गेल्यावर माझ्या भावानंच विकला आणि पुण्याला फ्लॅट घेतला. मला साडी पाठवली. ती मी अजून नेसलेली नाही.

करंड्यातलं कुंकू मी लावून घेतलं. "येते," म्हटलं.

आक्कांचे डोळे भरून आले. माझे नाही.

त्या दिवसांत आम्ही मायलेकी कलबुर्गी काकूंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. एकच खोली, वर पत्रा, मोरी दाराशी. काकू वाईट नव्हत्या, पण त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि जूनपर्यंत त्यांना खोली रिकामी हवी होती. मी सुट्टीच्या दिवशी घरं बघत फिरायचे. सगळीकडं पहिला प्रश्न एकच, "मिस्टर कुठं असतात?" वेगळे राहतात म्हटलं की लोकांचा चेहरा बदलायचा. एका गृहस्थांनी तर खोली दाखवून, भाडं ठरवून, अनामत मोजून घ्यायच्या वेळी हात वर केले. बायको म्हणे नको म्हणते. बायको मागं उभी राहून माझ्याकडं बघत होती, आणि ती नको म्हणणाऱ्यातली दिसत नव्हती.

शलाका नऊ वर्षांची झाली होती. शाळेत 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला सांगितला तेव्हा तिनं पत्र्यावर मांजर कशी पळते ते लिहिलं. मला तो वाचून हसू आलं आणि मग दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी मी सांगलीला शेडबाळे मॅडमकडं गेले. त्या माझ्या वकील. बाई साठीच्या, आवाज बारीक, पण कागद वाचताना चष्म्यावरून बघायला लागल्या की समोरचा वकील पाणी मागायचा. माझ्या पोटगीचा अर्ज त्यांनीच लावला होता आणि चार वर्षं तारखा खाऊन तो तिथंच पडला होता. अंतरिम म्हणून शलाकाच्या नावानं महिन्याला दोन हजार मिळायचे, तेही धैर्यशीलला आठवलं तर. कोर्टाच्या व्हरांड्यात तो मला ऐकू जाईल अशा बेतानं मित्रांना सांगायचा, "चालू दे की. निकाल लागेल त्या दिवसापासून पोटगी. जितकं लांबेल तितकं बरं." आणि त्याची कमाई किती हे सिद्ध करायचं माझ्यावर. मी कुठून करणार? बेदाण्याचा व्यापार चुलतभावाच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या नावावर, आणि हा कागदावर चुलतभावाचा दिवाणजी.

पण कोरोनाची पहिली लाट ओसरली आणि मॅडमनी मला मुद्दाम बोलावून घेऊन सांगितलं होतं, "वैजयंता, कायदा तोच आहे, पण सुप्रीम कोर्टानं पद्धत बदललीय. आता दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, पोटगी अर्ज केला त्या दिवसापासून धरायची, निकालाच्या नव्हे. म्हणजे तो जितकं लांबवेल तितकं त्याच्याच अंगावर चढतंय. दुसरं, दोघांनीही शपथेवर लिहून द्यायचं. घर, गाडी, उत्पन्न, खर्च, कर्ज, सगळं. तुम्हीही आणि त्यानंही."

"तो खोटं लिहील, मॅडम."

"लिहू दे ना," त्या म्हणाल्या होत्या. "आजवर तो तुमच्याशी खोटं बोलत होता. आता कोर्टाशी बोलेल."

आणि त्यानं लिहिलं होतं. भाड्याच्या खोलीत राहतो, पगार बारा हजार, स्वतःचं घर नाही, दुसरं उत्पन्न नाही. खाली ठसठशीत सही.

आता मी आमंत्रणाचं सांगितल्यावर मॅडमनी चष्मा काढला.

"कशाला बोलावतोय, कळलं का?"

"आक्कांची हौस."

"आक्कांची हौस असेल. त्याची नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "जायचं तर जा. कशावर सही करू नका. भांडू नका. आणि बोलायचं तुम्ही नाही, त्याला बोलू द्यायचं. तुम्ही त्याच्याबरोबर संसार केलाय. तो कशानं बोलता होतो ते मला सांगायची गरज नाही."

मी बसमध्ये बसले तेव्हा मला हसू येत होतं. शेजारच्या बाईनं दोनदा वळून बघितलं.

गुरुवारी मी भावानं दिलेली सोडून माझी सगळ्यात चांगली साडी नेसले. सांगलीच्या रस्त्याला, तासगावच्या अलीकडं, धैर्यशीलचा बंगला उभा होता. दोन मजली, पुढं कमान, कमानीवर सिमेंटचे दोन मोर. मंडप पडला होता आणि दाराशी फलक होता, 'श्रीमती हौसाबाई इंगवले यांच्या नूतन वास्तूची शांत'. म्हणजे घर आईचं. गड्यानं फलकापर्यंत काळजी घेतली होती.

धैर्यशील सोवळं नेसून पुढं आला. चार वर्षांत त्याचं पोट सुटलं होतं आणि हातात सोन्याचं कडं आलं होतं. कागदावरच्या दिवाणजीच्या मानानं बरंच जाड.

"आलीस? बरं केलंस," तो हसून म्हणाला आणि लगेच मान वळवली. "ए फोटोवाल्या, हिकडं ये. वहिनींना घे. पोरीला पण घे. मिळून घे सगळ्यांना."

व्हिडिओवाला पोरगा कॅमेरा रोखून आमच्यापुढं उलटा चालायला लागला. "वहिनी, हसा. दादांच्या जवळ सरका. ताई, पप्पांचा हात धर." मॅडम कशाबद्दल बोलत होत्या ते मला तेव्हा पुरतं कळलं. मी हसले आणि जवळ सरकले.

गुरुजींनी माझ्या पदराला त्याच्या उपरण्याची गाठ मारली. मी उजवीकडच्या पाटावर बसले. संकल्प सुरू झाला आणि गुरुजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

तो हात मला पाठ होता. अंगठ्याजवळ कापल्याची जुनी खूण, बोटांवर केस. याच हातानं माझे कपडे पायरीवर आले होते. याच हातानं माझा कान दोन दिवस वाजत राहिला होता. मी त्या हाताला माझी बोटं लावली. ती हलू दिली नाहीत. गुरुजी पाणी सोडायला सांगत होते, तो सोडत होता, आणि कॅमेरा आमच्या हातांवर आला होता. मी मनात एकच गोष्ट म्हणत होते. माझ्या लेकीला घर मिळू दे, आणि याला कायमचं आठवेल असं काहीतरी. देवापुढं बसून असं मागू नये. मी मागितलं.

मधल्या वेळात धैर्यशील गाठीचं उपरणं माझ्याजवळ ठेवून उठला, आणि थोड्या वेळानं शलाका धावत आली. तिचे गाल लाल झाले होते.

"आई, वर माझी खोली आहे. पप्पांनी दाखवली. दोन खिडक्या आहेत. आपण कधी यायचं राहायला?"

तिच्या मागं धैर्यशील उभा होता आणि त्याच्या मागं कॅमेरा. मला कळून चुकलं की त्यानं माझ्या पोरीलाही त्यात ओढलंय. आतापर्यंत मनात थोडी चलबिचल होती, पापपुण्याचा विचार होता. तो तिथं संपला.

"बघू हं," मी शलाकाच्या केसांवरून हात फिरवला. "आधी जेव."

जेवणाच्या पंगती बसण्याआधी आमच्याकडं एक रीत असते. गवंडी, सुतार, फरशीवाले, ज्यांच्या हातून घर उभं राहिलं त्यांना बोलावून फेटा बांधायचा, कपडे द्यायचे, आणि मग पाहुण्यांचे आहेर माईकवर पुकारायचे. कुणी काय दिलं ते गावभर ऐकू गेलं पाहिजे. धैर्यशीलचे चुलते तात्या माईक धरून उभे होते. बाबालाल मिस्त्री म्हणजे घर बांधणारे, पिकल्या दाढीचे, स्वच्छ सदरा घालून आलेले. त्यांचं नाव पुकारलं गेलं.

"हौसाबाई आक्कांनी," तात्या माईकवर म्हणाले, "आयुष्यभर पैशाला पैसा जोडून ही वास्तू उभी केली. त्यांच्या वतीनं चिरंजीव धैर्यशील बाबालाल मिस्त्रींचा सत्कार करतील."

हे शब्द पढवलेले होते. तात्या कधी इतकं नीट बोलत नसत. धैर्यशील फेटा घेऊन उठला. उपरणं पुन्हा त्याच्या खांद्यावर होतं आणि गाठ अजून सोडलेली नव्हती, त्यामुळं मलाही उठून त्याच्या मागं जावं लागलं. पुढच्या रांगेत त्याचा चुलतभाऊ रणधीर बसला होता, तोच, ज्याच्या दुकानात हा कागदावर नोकर होता. दोघांचं लहानपणापासून एकमेकांशी पटत नसे. धंद्यापुरती गोडी होती.

मी रणधीर भाऊजींकडं बघून हसले आणि त्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाले, "आक्कांनी केवढं मोठं काम केलं नाही, भाऊजी? यांना सगळं आयतंच मिळालं."

धैर्यशीलचा हात थांबला.

या माणसाला मी ओळखत होते. त्याला चोर म्हटलं तर तो हसेल, लबाड म्हटलं तर मिशीवर हात फिरवेल. पण आयत्या पिठावर बसलेला म्हटलेलं त्याला कधीच सोसलं नाही. त्याचे वडील त्याला हेच म्हणायचे, चार माणसांत.

रणधीर भाऊजींना एवढंच हवं होतं. ते मोठ्यानं हसले. "खरं बोलला वहिनी. आईच्या जिवावर बंगला. नशीब काढलंस धैर्या."

पुढची रांग हसली. मागच्या रांगेला काय झालं ते कळलं नाही, पण तीही हसली.

धैर्यशीलनं तात्यांच्या हातातून माईक काढून घेतला.

"थांबा," तो म्हणाला. "आईच्या जिवावर कोण म्हणतंय? नाव आईचं घातलंय, ते मान म्हणून. पैसा ह्या धैर्यशीलचा हाय. बेदाण्याच्या दोन सीझनमधे बंगला उभा केलाय. बँकेचं एक रुपया कर्ज न्हाई. मिस्त्री, तुम्ही बोला. खरं का खोटं?"

त्यानं माईक बाबालाल मिस्त्रींच्या तोंडापुढं धरला. मिस्त्री बावचळले, मग फेटा सावरत म्हणाले, "खरंय मालक. खोटं कशाला बोलू? पाया काढल्यापास्नं तुम्हीच पैसे दिलाय. रोख. एकदा बी उद्या या म्हटला न्हाई."

"आन् रणधीर," धैर्यशील आता थांबणार नव्हता, "दुकान तुझ्या नावावर असंल, माल कुणाचा हाय? सांग की ह्यास्नी."

रणधीर भाऊजींचं हसू मावळलं. "बरं बरं, तुझाच," ते पुटपुटले.

"माझाच." धैर्यशीलनं माईक तात्यांना परत दिला आणि छाती पुढं काढून सभोवार बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मनापासून. व्हिडिओवाला पोरगा कॅमेरा खांद्यावर घेऊन अगदी समोर उभा होता.

जाताना आक्कांनी माझी ओटी भरली. त्यासाठी शेजारच्या बाईंना हात लावायला बोलावलं होतं, नारळ मात्र आक्कांनी स्वतः निवडला होता. "आता ऱ्हा की हितंच," त्या हळूच म्हणाल्या. धैर्यशील ऐकून न ऐकल्यासारखं करून आत गेला. त्याला मी राहायला नकोच होते. त्याला मी राहिल्यासारखं दिसायला हवं होतं.

रिक्षात शलाका माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "दोन खिडक्यांतली एक रस्त्याकडं होती." मी तिला घट्ट धरून ठेवलं.

पुढच्या तारखेला धैर्यशीलच्या वकिलांनी अर्ज दिला. अर्जदार पत्नी आता सासरी येऊन जाऊन आहे, नवऱ्याशेजारी बसून वास्तुशांत केली आहे, दोघांत काही वाद उरलेला नाही, सबब पोटगीचा अर्ज काढून टाकावा. सोबत पुरावा म्हणून व्हिडिओचा पेनड्राइव्ह. तो खरा असल्याचा दाखलाही त्यांनीच जोडला होता.

वास्तुशांतीचा तीन तासांचा व्हिडिओ कोण बघतं? ज्याच्या घरची असते तोही बघत नाही. वकिलांनी पूजेचा भाग बघितला होता, आणि धैर्यशीलला माईकवर आपण काय बोललो ते आठवत असलं तरी त्यात काही चुकलं असं त्याला वाटलं नव्हतं. त्याच्या लेखी तो कौतुकाचा क्षण होता.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांच्या टेबलावरच्या संगणकावर व्हिडिओ लागला. मी, माझी बोटं, त्याचा हात. शलाका, खोली, खिडक्या. धैर्यशीलचे वकील बोट दाखवत होते, "पाहावं मॅडम, किती खेळीमेळीचं वातावरण आहे." धैर्यशील माझ्याकडं बघून हसला. मी मान खाली घातली. त्याला वाटलं मी हरले.

"एवढं पुरे," त्याचे वकील म्हणाले.

शेडबाळे मॅडम उठल्या. "पुरावा त्यांनी दिलाय, तर पूर्ण पाहावा अशी विनंती आहे. आमची काहीच हरकत नाही. जिथं गवंड्याला फेटा बांधलाय, तिथून."

धैर्यशीलच्या चेहऱ्याकडं मी तेव्हा बघितलं. आधी त्याला काही कळलं नाही. मग तात्यांचा आवाज आला, मग रणधीर भाऊजींचं हसू. आणि मग त्याचा स्वतःचा आवाज त्या छोट्याशा कोर्टात घुमला. पैसा ह्या धैर्यशीलचा हाय. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हाताचं कडं तो नकळत बाहीखाली सरकवायला लागला.

न्यायाधीश बाईंनी त्याचं शपथपत्र पुढं ओढलं.

"भाड्याच्या खोलीत राहता, पगार बारा हजार, दुसरं उत्पन्न नाही. ही सही तुमचीच?"

"हो, पण मॅडम, ते..."

"आणि हा आवाज?"

"कार्यक्रमात बोलावं लागतं, मॅडम. चार लोकांत."

"शपथपत्रातही बोलावंच लागतं," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

निकाल यायला आणखी काही महिने गेले. बाबालाल मिस्त्रींना साक्षीला बोलावलं तेव्हा ते जे खरं ते बोलले आणि जाताना माझ्यापाशी थांबले. "पोरी, मला ठावं नव्हतं गं," म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पोटगी त्याच्या खऱ्या कमाईच्या मानानं बसली, शलाकाची वेगळी, माझी वेगळी, आणि अर्ज केल्याच्या दिवसापासून. जी वर्षं त्यानं हसत लांबवली होती ती सगळी एकदम त्याच्या गळ्याशी आली. भरली नाही तर जप्ती, म्हणून बंगल्यावर कर्ज काढावं लागलं. बँकेचं एक रुपया कर्ज नसलेला तो बंगला. आक्कांचा फोन आला.

"वैजू, घरावर बोजा चढला गं. माझ्या सहीनं. देवाम्होरं बसून तू ह्ये केलंस?"

"राँग नंबर," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग थोडा वेळ माझा हात फोनवरच राहिला. आक्कांनी निवडलेल्या नारळाचं खोबरं गोड निघालं होतं.

कलबुर्गी काकूंनी माझ्यासाठी दोनदा मुदत वाढवली होती. आता मी त्यांच्याच गल्लीच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आलेली थकबाकी आणि थोडं कर्ज. 'मिस्टर कुठं असतात' हे या वेळी बिल्डरनं विचारलं नाही. चेक बघितला आणि चहा मागवला.

खोटं शपथपत्र दिल्याबद्दलचा अर्ज मात्र मॅडमनी वेगळा लावला होता. धैर्यशीलनं तीन माणसं पाठवली, तो मागं घ्या म्हणून. तिसऱ्या खेपेला तो स्वतः आला, दुकानात, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहून. गाडीत बसून राहिला नाही.

"मिटवून टाक की, वैजू," तो हळू आवाजात म्हणाला. "दर महिन्याला तारीख. धंदा सोडून जावं लागतंय."

"चालू दे की," मी म्हटलं. "जितकं लांबेल तितकं बरं." आणि त्याच्या मागच्या माणसाची चिठ्ठी घेतली.

त्याची ती केस अजून चालू आहे. मी तारखांना जात नाही. तो जातो.

फ्लॅटची वास्तुशांत मी केलीच. गुरुजी तेच बोलावले, तासगावहून, जाण्यायेण्याचं भाडं देऊन. त्यांनी मला पाटावर एकटी बसलेली बघितलं आणि घसा खाकरला.

"वहिनी, यजमान?"

"नाहीत. काय करायचं असतं तेव्हा?"

गुरुजी जरा घुटमळले. बाईनं एकटीनं बसायचं म्हणजे त्यांच्याही अंगवळणी नव्हतं. "तसं... त्यांच्या जागी सुपारी ठेवून..."

"ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या पाटावर मूठभर तांदूळ घातले, वर सुपारी ठेवली. चांगली, गोल, टणक. मी तिला हळदकुंकू वाहिलं. संकल्प सुरू झाला. हाताला हात लावा असं म्हणायची वेळ आली तेव्हा गुरुजी थांबले, आणि शलाका न सांगता पुढं झाली. तिनं आपली बोटं माझ्या हाताला लावली. आम्ही दोघींनी पाणी सोडलं. तिच्या खोलीला खिडकी एकच होती. पण ती रस्त्याकडं होती.

पाहुणे म्हणजे शेडबाळे मॅडम, कलबुर्गी काकू आणि बाबालाल मिस्त्री. मिस्त्रींना मी फेटा बांधला. घर त्यांनी बांधलं नव्हतं, तरी बांधला. पुरणपोळीचं जेवण झालं. विसर्जनाच्या अक्षता पडून गेल्या होत्या, देव आपल्या जागी गेले होते. काकूंनी पानाचं तबक पुढं केलं आणि म्हणाल्या, "अगं, सुपारी आणायची राहिली की."

"आहे," मी म्हटलं.

मी उठले, पाटावरची सुपारी उचलली, धुतली आणि पुसली. अडकित्ता घेऊन जमिनीवर बसले. ती टणक होती, पहिल्यांदा निसटली. मग मी पात्यात नीट धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. ती कडकन फुटली. मी बारीक कातरली, सगळ्यांना वाटली, आणि उरलेली माझ्या पानात घालून सावकाश चावून खाल्ली.